नवा मासा आणण्याआधी जुनी टाकी तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलुंडला वन-बीएचके, हॉलमध्ये चार फुटी मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याची, टाकी. आत क्लाउन माशांची जोडी, एक फॉक्सफेस मासा, दोन-तीन गोगलगाई, एक कोळंबी आणि थोडे मऊ कोरल. आता पावडर ब्लू टँग हा मासा आणि झोआ या कोरलच्या काही फ्रॅग (छोटे तुकडे) आणायच्या आहेत. दुकानदार म्हणतो, ‘मासा पंधरा दिवस आमच्याकडेच आहे, बिनधास्त सोडा.’ तुम्ही विचारताय की क्वारंटाइन खरंच लागतं का, एवढ्याशा घरात दुसरी टाकी ठेवायची कुठे, आणि कोरलचं काय करायचं. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की गेल्या पावसाळ्यात क्लाउनवर पांढरे ठिपके आले होते, पण काही न करता आपोआप गेले.

मी या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची सगळी उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

असे ठिपके म्हणजे बहुतेक वेळा क्रिप्टोकॅरियॉन, ज्याला आपण सगळे मरीन इच म्हणतो. हा एकपेशीय परजीवी माशाच्या कातडीखाली शिरून तीन ते सात दिवस खातो. पोट भरलं की स्वतःच सुटतो आणि दगड, काच, वाळू, गोगलगाईचं कवच, जे काही टणक सापडेल त्याला चिकटून स्वतःभोवती कोष करतो. कोषात एकाचे शंभर-दोनशे होतात. कोष फुटला की ते पोहत पोहत मासा शोधायला निघतात, आणि दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. म्हणजे क्लाउनवरचे ठिपके गेले तेव्हा परजीवी मेला नव्हता, जेवून खाली उतरला होता. पुढच्या फेरीपर्यंत क्लाउनच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती आली, म्हणून अंगावर ठिपके दिसले नाहीत. कल्ल्यांच्या आत चार-दोन राहिले तर आपल्याला बाहेरून काही कळत नाही. एकच वाण टाकीत पिढ्यानपिढ्या फिरत राहिला तर काही महिन्यांनी तो क्षीण होतो असं प्रयोगशाळेत दिसलं आहे, त्यामुळे तुमची टाकी आज स्वच्छ असूही शकेल. पण त्या भरवशावर पावडर ब्लू सोडू नका. इच धरण्यात या माशाचा हात धरणारा दुसरा मासा नाही. तो महिनाभर क्वारंटाइनमध्ये ठेवून ठणठणीत करून तुमच्या टाकीत सोडलात आणि आठवड्याभरात त्याच्या अंगावर ठिपके आले, तर दोष क्वारंटाइनचा नसेल.

एक आगाऊ सल्ला. चार फुटी टाकी पावडर ब्लूला मुळात लहान पडते. हा दिवसभर पोहणारा आणि तापट मासा आहे, त्याला सहा फूट लांबी हवी. तुमच्या टाकीला टोमिनी टँग शोभेल. तोही शेवाळ खरवडून खातो आणि स्वभावाने पुष्कळ शांत असतो. तरी पावडर ब्लूच घ्यायचा असेल तर पुढचं सगळं दुप्पट काळजीने करा.

आता क्वारंटाइन का, ते. मुख्य टाकीत एकदा रोग शिरला की तिथे औषध टाकता येत नाही. इच आणि वेल्वेट (असाच दुसरा परजीवी रोग) यांवर खात्रीचं औषध म्हणजे तांबं, आणि तांब्याने कोरल, कोळंबी, गोगलगाई सगळं मरतं. शिवाय लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले दगड) आणि वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळे पाण्यात योग्य प्रमाण टिकत नाही. ‘रीफ सेफ’ लिहिलेल्या ज्या बाटल्या मिळतात त्यांनी इच मुळासकट गेला असं मला आजवर दिसलेलं नाही. मग उरतो एकच उपाय: सगळे मासे बाहेर काढून टाकी माशांविना ठेवणे. कोष फुटायला सहसा तीन दिवस ते चार आठवडे लागतात, पण एका अभ्यासात ७२ दिवसांनीही फुटल्याची नोंद आहे. म्हणून आमच्याकडे ७६ दिवस मोजायची पद्धत पडली. २७ अंशांच्या पाण्यात ४५ दिवस पुरतात असं हल्ली बरेच जण म्हणतात. मी मात्र अजून ७६च मोजतो.

दुकानातले पंधरा दिवस यात धरू नका. बहुतेक दुकानांत सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं. शेजारच्या टाकीत काल विमानतळावरून आलेला माल उतरला असेल, तर तुमच्या माशाचे पंधरा दिवस कालपासून पुन्हा एकवर आले. त्यात अनेक ठिकाणी मासे हलक्या तांब्यात ठेवतात. रोग त्याने मरत नाही, नुसता दबतो, आणि घरच्या स्वच्छ पाण्यात मासा आला की वर येतो. दुकानदार खोटं बोलतोय असं नाही. त्याच्याकडे मासा खरंच चांगला दिसत असतो.

तर तुमच्या घरासाठी मी असं करेन. मुख्य टाकीतले तिन्ही मासे बाहेर काढा, दुकानातून टँग आणा आणि सगळ्यांवर एकाच टाकीत एकदमच इलाज करा. तेवढ्या काळात मुख्य टाकी माशांविना पडून राहील. त्या रिकाम्या टाकीतच नवे झोआ लावा. म्हणजे माशांचं आणि कोरलचं क्वारंटाइन एकाच वेळी होतं आणि तिसरी टाकी लागत नाही. एकच पथ्य आहे: ७६ दिवस शेवटची ओली वस्तू आत गेली त्या दिवसापासून मोजायचे. पन्नासाव्या दिवशी मित्राने दिलेली एक फ्रॅग आत टाकलीत तर पुन्हा एकपासून. मे महिन्यात गावी जायचं असेल तर हे सगळं परत आल्यावरच सुरू करा, कारण तांब्यातले मासे शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवता येत नाहीत.

इलाजाची टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे साधारण सव्वाशे लिटरची पुरेल. रॉक नाही, वाळू नाही. लपायला हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचे तुकडे, एल्बो आणि टी आणा. त्यात टँग शिरेल एवढा चार इंची एखादा तुकडा असू द्या. स्पंज फिल्टर मात्र आधीपासून तयार लागतो. तीन-चार आठवडे तो मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) ठेवा म्हणजे त्यावर जिवाणू बसतील. कोरड्या स्पंजवर टाकी सुरू केली तर मासे इचने नाही, अमोनियाने मरतात, आणि क्वारंटाइनमध्येच मासे जास्त मरतात अशी जी ओरड ऐकू येते तिचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. काचेवर अमोनिया अलर्टचा बॅज चिकटवून ठेवा. तो पिवळ्याचा हिरवा झाला की पाणी बदला.

जागेचं म्हणाल तर, भरलेली टाकी दीडशे किलोच्या घरात जाते, तेव्हा भिंतीलगत, पक्क्या स्टँडवर. बाल्कनीत नको, पश्चिमेचं ऊन आलं की दुपारी पाणी तापतं. वॉशिंग मशीनवर तर मुळीच नको. बेडरूममध्ये रात्री एसी लावत असाल तर दिवसा-रात्रीच्या तापमानात फार फरक पडतो, तिथे हीटर लावावा लागेल. हो, मुंबईतसुद्धा. हॉलमध्ये ठेवायची तर मुख्य टाकीपासून निदान दहा फूट लांब ठेवा. वेल्वेटचे जंतू पाण्याच्या सूक्ष्म थेंबांबरोबर हवेतून तीन मीटरपर्यंत गेल्याचं प्रयोगात दिसलं आहे, आणि एअर पंपाचे बुडबुडे असे थेंब सतत उडवत असतात. जाळी, बादली, नळी, टॉवेल दोन्हीकडचे वेगळे. आधी मुख्य टाकीचं काम, मग इलाजाच्या टाकीचं. उलट कधीच नाही.

एअर पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो हे लोक विसरतात. मच्छरांचं लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे यांतली द्रव्यं माशांना फार विषारी असतात. ज्या खोलीत टाकी, तिथे ती बंद. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळीने हवा आणा.

पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलंच वापरा. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि ते मारायला आपण जे अँटी-क्लोरीन टाकतो ते तांब्याच्या औषधाशी जुळत नाही. अमोनिया बांधणाऱ्या बाटल्यांचंही तेच. काही जुने लोक जुहूहून किंवा गिरगावहून समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणतात. आपल्या किनाऱ्याचं पाणी पाहिलंय ना? शिवाय पावसाळ्यात त्याची क्षारता किती उतरली असेल याचा नेम नसतो. सॉल्ट मिक्सच घ्या. चिलर नसेल तर पाण्यावर वारा येईल असा छोटा पंखा लावा. पाणी दोनेक अंशांनी उतरतं, जुलैच्या दमट हवेत त्याहून कमी. उडालेलं पाणी रोज आरओने भरा, नाहीतर क्षारता चढेल. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि औषधात माशाला तो जास्त लागतो, म्हणून दोन एअर स्टोन लावा आणि बॅटरीवर चालणारा एक पंप घरात असू द्या. मुंबईत लाइट जात नाही असं आपण म्हणतो, पण १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बंद पडलं तेव्हा माझा फोन दिवसभर वाजत होता.

जुने मासे पकडताना दगड उपसत बसू नका. पाणी अर्ध्यावर आणा किंवा खाण्याचं आमिष ठेवून पारदर्शक डब्याचा सापळा लावा. फॉक्सफेसला जाळी नको. त्याच्या परांचे काटे विषारी असतात, लागले तर तास-दोन तास हात ठणकतो. त्याला डब्यातच ओढून घ्या.

नवा मासा आणताना दुकानात पाण्याची क्षारता मोजून घ्या. बरीच दुकानं १.०१८ ते १.०२० विशिष्ट घनतेवर चालतात आणि आपण घरी १.०२५ वर. माशाला क्षारता उतरलेली चालते, एकदम चढलेली चालत नाही. म्हणून इलाजाची टाकी दुकानाच्या आकड्यावर ठेवा, तुमचे जुने मासे खाली यायला कुरकुर करणार नाहीत. मग रोज थोडी थोडी चढवा. हे केलं की पिशवीत तासभर थेंब थेंब पाणी सोडण्याची गरजच राहत नाही, आणि ते सोडूच नये. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. क्रॉफर्ड मार्केटहून मुलुंडला येईपर्यंत हे सगळं पिशवीत साठलेलं असतं. पिशवी बंद असतानाच टाकीत तरंगवा, पंधरा-वीस मिनिटांनी तापमान सारखं झालं की उघडा आणि मासा लगेच सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

पण टाकीत सोडण्याआधी पाच मिनिटांचं गोड्या पाण्याचं स्नान द्या, आणि काळ्या टबात द्या. आरओचं पाणी, तापमान आणि पीएच टाकीशी जुळवलेले, एअर स्टोन चालू. मासा पहिलं मिनिटभर धडपडतो किंवा आडवा पडतो, तिकडे लक्ष ठेवा. खरी गंमत टबाच्या तळाशी असते. माशाच्या अंगावर फ्लूक (चिकटून राहणारे चपटे किडे) असतील तर ते आधी दिसत नाहीत, कारण ते काचेसारखे पारदर्शक असतात. गोड्या पाण्यात ते पांढरे होतात आणि एकेक करून गळतात. काळ्या तळावर तीळ सांडल्यासारखे दिसतात. काही डोळ्यांच्या बाहुलीवरूनही सुटतात, तेव्हा कळतं की मासा दगडाला डोळा का घासत होता. हे दिसलं तर आधी प्राझिक्वांटेल (किड्यांवरचं औषध), मग तांबं. प्राझिक्वांटेलने अंडी मरत नाहीत, म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरा डोस. तीळ दिसले नाहीत तर प्राझिक्वांटेल तांब्याचा कोर्स झाल्यावर द्या.

तांब्यात लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. कॉपर पॉवरसारखं चिलेटेड (बांधलेलं) तांबं २ ते २.५ पीपीएमवर (दहा लाख भागांत एवढे भाग) ठेवतात. क्युप्रामाइन हे तांब्याचं दुसरं औषध ०.५ पीपीएमवर. दोन्हींचे आकडे एकमेकांना लावलेत तर एकात इच मरणार नाही आणि दुसऱ्यात मासा मरेल. टेस्ट किटही त्या त्या प्रकाराला चालणारंच घ्या. शेतीच्या दुकानातून मोरचूद आणून स्वस्तात काम करणारेही मला भेटतात. मोरचुदाने इच मरतो हे खरं, पण त्याची मात्रा ०.१५ ते ०.२ पीपीएमच्या अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते आणि खाऱ्या पाण्यात ते भराभर खाली बसतं. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. नका करू.

तांबं दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा. मासा खायचा थांबला तर एक दिवस तिथेच थांबा. पूर्ण मात्रा गाठली की ३० दिवस. मधे एकदा जरी आकडा खाली गेला तर मोजणी पुन्हा सुरू, कारण तांबं फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. माशाच्या कातडीखालच्याला आणि कोषातल्याला ते पोचत नाही. बदलायच्या पाण्यात तेवढंच तांबं आधी मिसळा. तांबं न वापरता दर ७२ तासांच्या आत मासे नव्या, कोरड्या केलेल्या टाकीत हलवत जाण्याचीही एक पद्धत आहे आणि इचवर ती चांगली चालते. पण वेल्वेटवर चालत नाही, आणि चार मासे दर तीन दिवसांनी हलवायला तुमच्या घरात दोन टाक्या लागतील.

वेल्वेट कसा ओळखायचा, एवढं शिकून घ्या. त्यात ठिपके मोजता येत नाहीत. खोलीत अंधार करून माशाच्या बाजूने टॉर्च तिरपा मारा. अंगावर सोनेरी-करड्या पुडीचा थर चमकला तर वेल्वेट. पण तो आधी कल्ल्यांत शिरतो, त्यामुळे थर दिसण्याच्या आधीच मासा पंपाच्या धारेत तोंड घालून उभा राहतो, उजेड टाळतो, भराभर श्वास घेतो. रोज खाण्याआधी एकाच वेळी कल्ल्यांची उघडझाप पंधरा सेकंद मोजून लिहून ठेवा. आकडा अचानक वाढला की अंगावर काही दिसायची वाट बघू नका. नव्या क्लाउनवर शेंबडासारखा थर येऊन कातडी सुटायला लागली तर ते ब्रुकलिनेला, हाही परजीवीच. तिथे तांब्याचा उपयोग नाही, फॉर्मेलिन लागतं, आणि फॉर्मेलिन घरात मुलं असतील तर माझ्या मते अनुभवी माणसाच्या हातूनच द्यावं.

आता कोरल. कोरलला इच होत नाही, पण त्याच्या प्लगवर (फ्रॅग चिकटवलेल्या छोट्या चकतीवर), खालच्या दगडावर कोष येऊ शकतो. डिपने, म्हणजे औषधी पाण्यात बुडवून, तो मरत नाही. कोषाला मारतो तो फक्त काळ, आणि तो आपण मुख्य टाकी रिकामी ठेवून देतोच आहोत. डिप असतो कोरल खाणाऱ्या किड्यांसाठी. आयोडीनचा घ्या किंवा तयार मिळणारा दुसरा, बाटलीवरच्या मात्रेने आणि तेवढीच मिनिटं. पांढऱ्या भांड्यात करा आणि ड्रॉपरने फ्रॅगवर फवारे मारत राहा. झोआ खाणारा नुडिब्रँक (बिनकवचाची समुद्री गोगलगाय) ज्या झोआवर बसतो त्याच्याच रंगाचा होतो, अंगावरचे तंतूही झोआच्या झालरीसारखे. तो हलेपर्यंत दिसत नाही. झोआंच्या मधे बसलेली, चपट्या चकलीसारख्या कवचाची छोटी गोगलगाय दिसली तर ती सनडायल. ती काढून टाका, तीही झोआच खाते. अंडी कुठल्याच डिपने मरत नाहीत, म्हणून शक्य असेल तर प्लग तोडून फेका, फ्रॅग नव्या प्लगवर चिकटवा आणि पहिले तीन-चार आठवडे दर आठवड्याला पुन्हा डिप करा. रात्री दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बघा. एप्टेशिया (भराभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) दिसला तर खरवडू नका, उरलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवा उगवतो. ती फ्रॅगच परत करा.

झोआ कापताना हातमोजे आणि चष्मा घाला. काही झोआ-पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते जीवघेणं आहे. झोआ लागलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका. वाफेतून ते श्वासात जातं, आणि वन-बीएचकेमध्ये स्वयंपाकघर आणि बेडरूममध्ये अंतर ते किती. पुढे कधी ॲक्रोपोरा हे कठीण कोरल घ्याल तेव्हा मात्र हा रिकाम्या टाकीचा मार्ग चालणार नाही. त्यावरचा फ्लॅटवर्म एकदा टाकीत पसरला तर निघत नाही, त्यासाठी वेगळी छोटी फ्रॅग टाकी लागतेच.

आणि कोरल घेताना बिल आणि आयातीची कागदपत्रं मागा. कठीण कोरल, सी फॅन आणि समुद्री घोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या किनाऱ्यावरून उचललेला तुकडा कितीही छोटा असो, तो गुन्हा आहे. २०२० साली कोस्टल रोडसाठी वरळी-हाजीअलीच्या खडकांवरचं कोरल हलवायचं होतं तेव्हा पालिकेलाही वन्यजीव खात्याची परवानगी काढावी लागली होती.

रिकाम्या टाकीत अधूनमधून चिमूटभर खाणं टाकत राहा, नाहीतर कोळंबी उपाशी मरेल आणि जिवाणूही कमी होतील. इकडे तांब्याचे ३० दिवस झाले की कार्बन लावून आणि पाणी बदलून तांबं काढा, प्राझिक्वांटेल उरकून घ्या आणि उरलेले दिवस मासे नुसते बघत काढा. औषधाविना ते खातात कसे, श्वास कसा घेतात, हे याच दिवसांत कळतं. परत सोडताना आधी क्लाउन, मग फॉक्सफेस, आणि आठवड्याभराने टँग, तोही दोन-तीन दिवस आत लटकवलेल्या जाळीच्या डब्यात ठेवून. इलाजाच्या टाकीतलं पाणी मुख्य टाकीत एक थेंबही जाऊ देऊ नका. स्पंज आणि पाइप धुऊन खडखडीत वाळवा, त्यावर मार्करने ‘तांबं’ लिहा आणि माळ्यावर टाका. पुढच्या माशाच्या वेळी पाइप लगेच कामाला येतील, पण स्पंज मात्र सम्पमध्ये परत घालू नका, त्या वेळी नवा तयार करा.